अटक झाली होती का? : एका रकान्याचा इतिहास

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा कागद घेऊन घरी आला. वाळूजच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली होती. मार्कशीट, आधार, पासबुक सगळे जोडून झाले होते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवरचा एकच रकाना कोरा होता : ‘तुम्हाला कधी अटक झाली आहे का?’

“चाचा, इधर क्या लिखना?” त्याने विचारले.

खरे उत्तर ‘हो’ असेच होते. तो एकोणीस वर्षांचा असताना जुन्या शहरात दगडफेक झाली होती. त्या रात्री घराघरांतून पोरे उचलली गेली, त्यात हाही होता. तीन आठवडे हर्सूलच्या जेलमध्ये काढून तो जामिनावर सुटला. पुढे खटला चालला, एकाही साक्षीदाराने त्याला ओळखले नाही आणि कोर्टाने त्याला निर्दोष सोडले. कायद्याच्या भाषेत त्याने काहीही केलेले नाही. पण तू काय केलेस, असे फॉर्म त्याला विचारतच नव्हता. पोलिसांनी तुझ्याबाबत काय केले, एवढेच विचारत होता.

या रकान्यामुळे अडलेली अनेक घरे मी पाहिली आहेत. कुणाची भरती थांबते, कुणाचा पासपोर्ट रखडतो, कुणाला आखाती देशात जाण्यासाठी लागणारे पोलीस प्रमाणपत्र वेळेवर मिळत नाही. म्हणून हा रकाना आला कुठून, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

कायदा आणि फॉर्म

संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तीन वेगळे शब्द आहेत. कोर्टाने दोषी ठरवेपर्यंत माणूस निर्दोष, हे आपल्या न्यायव्यवस्थेचे मूळ तत्त्व. काही कायदे ते पाळतातही. १९६७चा पासपोर्ट कायदा घ्या. मागच्या पाच वर्षांत दोन वर्षे किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली असेल किंवा फौजदारी खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. खटला संपून माणूस निर्दोष सुटला असेल, तर जुनी अटक हे पासपोर्ट नाकारायचे कारण होत नाही.

सरकारी नोकरीचा साक्षांकन फॉर्म मात्र वेगळीच भाषा बोलतो. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केले होते का, बंधपत्र लिहून घेतले होते का, दंड झाला का, शिक्षा झाली का, असे प्रश्न तिथे एकापाठोपाठ एक येतात. अटक आणि शिक्षा एकाच रांगेत बसतात. वर ताकीद असते की माहिती लपवली तर नोकरी जाईल.

आपल्याकडे ‘चॅप्टर केस’ हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो. सण, मिरवणूक किंवा निवडणूक आली की शांतता राहावी म्हणून काहींना ठाण्यात बोलावून बंधपत्र लिहून घेतात, काहींना एकदोन दिवस आत ठेवतात. यात गुन्हा घडलेलाच नसतो. घडू नये म्हणून केलेली ही कारवाई असते. पण दहा वर्षांनी फॉर्म भरताना तीही ‘हो’मध्येच मोजावी लागते.

देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार त्यांतले ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा निकाल लागायचा होता. त्यांतले अनेक उद्या निर्दोष सुटतील आणि त्यानंतर कधीतरी हाच रकाना भरायला बसतील.

१८७१ : जन्माने गुन्हेगार

गुन्हा सिद्ध न करता माणसाचे नाव नोंदवहीत घालण्याची पद्धत या देशात इंग्रजांनी कायद्यात बसवली. १८७१ साली त्यांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत लागू होता, १९११च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पोहोचला. एखादी जमातच गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर करायचे, तिच्यातल्या माणसांची नावे आणि बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची आणि गाव सोडायचे तर परवानगी घ्यायला लावायची, अशी ही व्यवस्था होती. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमाती तिच्यात भरडल्या गेल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. त्या वस्तीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. निझामाच्या राज्यातही अशा जमातींवर पाळत ठेवली जात होतीच.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस भटके-विमुक्त ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. पण त्याची जागा सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा आहे. नव्या कायद्यात जात नव्हती, ‘सराईत’ ठरायला पूर्वीच्या शिक्षा लागत होत्या. कागदावर ही मोठी सुधारणा होती. ठाण्यातली सवय मात्र सुटली नाही. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचे, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’मध्ये हेच जगणे मांडले आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आपल्या समाजात या इतिहासाकडे फारसे कुणी पाहत नाही. ‘ते वेगळे, आपण वेगळे’ असे समजण्याची आपली सवय आहे. पण आज मुस्लिम मोहल्ल्यात जी नोंदवही उघडली जाते, ती पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर उघडली गेली होती.

१९४८ : सुटले, पण पुसले गेले नाहीत

दुसरा टप्पा आपल्या घरातला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या आणि १७ तारखेला निझामाची राजवट संपली. त्याआधी रझाकारांनी या भागात जो जुलूम केला, तो खरा आहे आणि तो नाकारण्यात काही अर्थ नाही. गावे जळाली, माणसे मारली गेली. हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांच्यासारखे मुसलमानही रझाकारांकडून मारले गेले.

पण पोलीस ॲक्शननंतर जे घडले, तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानभर फिरली. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ बसली. औरंगाबाद आणि बीडही सुटले नाहीत. समितीचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

मारले गेलेल्यांबद्दल आता थोडेफार लिहिले जाते. पकडल्या गेलेल्यांबद्दल अजूनही कमीच. रझाकार असल्याच्या संशयावरून हजारो मुसलमान तुरुंगांत आणि छावण्यांत डांबले गेले. कुणी खरोखर रझाकार होते, कुणी त्यांच्या सभेला गेले होते, कुणाचे गावात जमिनीवरून भांडण होते आणि शेजाऱ्याने बोट दाखवले होते. हे वेगळे करायला खटला लागतो. त्यांतल्या बहुतेकांवर खटला चाललाच नाही. पुढच्या काळात ते टप्प्याटप्प्याने सुटले. अनेक मुसलमान सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या याच काळात गेल्या.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, ती भोगून तो १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झाला, त्याचा हिशेब तिथे मिटला. ज्यांच्यावर काहीच सिद्ध झाले नाही, ती माणसे इथेच राहिली आणि संशय त्यांच्यासोबत राहिला. त्यांच्या निर्दोषत्वाचा कागद कुणाकडेच नव्हता, कारण खटलाच चालला नव्हता. आज त्यांची नातवंडे-पतवंडे इथल्या शाळा-कॉलेजांत शिकतात आणि मैदानात किंवा निवडणुकीच्या सभेत कुणीतरी त्यांना ‘रझाकार’ म्हणतोच. दोष सिद्ध न झालेल्या अटकेचे वय किती असते, याचा मराठवाड्याइतका जुना पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल.

टाडापासून २००६ पर्यंत

१९९४ साली टाडाखाली नाशिकच्या खटल्यात अकरा मुसलमानांना आरोपी केले गेले. टाडा कायदा १९९५ मध्ये संपला, खटला संपला नाही. २०१९च्या फेब्रुवारीत, पंचवीस वर्षांनी, नाशिकच्या विशेष न्यायालयाने अकराही जणांना सोडले. पुरावा नव्हता आणि टाडाची ठरलेली कार्यपद्धतीही पाळली गेली नव्हती. ऐन तारुण्यात आत गेलेली माणसे तोवर आजोबा झाली होती.

२००६ हे साल तर आपल्या भागाने विसरण्यासारखे नाही. मे महिन्यात एटीएसने औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात एके-४७ रायफली आणि आरडीएक्स पकडले. जुलैमध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. सप्टेंबरमध्ये शब-ए-बारातच्या दिवशी मालेगावात, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले.

शस्त्रसाठा प्रकरणाचा निकाल दहा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये लागला. विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, मोक्काचे आरोप टिकले नाहीत आणि उरलेले आरोपी निर्दोष सुटले. ज्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला, त्यांना शिक्षा झाली, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न सुटलेल्यांचा आहे. या दहा वर्षांचे काय, हे त्यांना कुणी सांगितले नाही.

मालेगाव प्रकरणात नऊ मुसलमानांना अटक झाली होती. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि एनआयएने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले. तरीही या नऊ जणांची नावे प्रकरणातून निघायला एप्रिल २०१६ उजाडले. त्यांतला एक जण तो दिवस पाहायला जिवंत नव्हता. मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात शाळाशिक्षक अब्दुल वाहिद शेख नऊ वर्षांनी, २०१५ साली निर्दोष सुटले आणि त्यांनी आपल्या अनुभवावर ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. त्याच खटल्यात शिक्षा झालेल्या उरलेल्या बाराही जणांना जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण २०२१ सालीच नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने म्हटले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

अशा गाजलेल्या प्रकरणांची निदान बातमी होते. दगडफेकीच्या गुन्ह्यात ‘आणि इतर अनोळखी’ या शब्दांआड उचलल्या गेलेल्या मुलाची बातमी होत नाही. त्याच्या सुटकेची तर नाहीच.

हैदराबादचे प्रमाणपत्र

१९५६ पर्यंत आपली राजधानी असलेल्या हैदराबादने यावर एक उपाय करून पाहिला. मे २००७ मध्ये मक्का मशिदीत स्फोट झाला. त्यानंतर तिथल्या अनेक मुस्लिम तरुणांना पकडले गेले आणि कोर्टाने पुढे त्यांना निर्दोष सोडले. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या शिफारशीनंतर आंध्र प्रदेश सरकारने सत्तर जणांना भरपाई दिली. निर्दोष सुटलेल्या वीस जणांना प्रत्येकी ३ लाख आणि चौकशीसाठी धरून सोडलेल्या पन्नास जणांना प्रत्येकी २० हजार रुपये. सोबत चांगल्या चारित्र्याची प्रमाणपत्रेही दिली.

सरकारने चूक मान्य करून असा कागद हातात द्यावा, ही या देशात फार दुर्मीळ गोष्ट होती. पण २०१३ साली उच्च न्यायालयाने भरपाईचा निर्णय रद्द केला. निव्वळ निर्दोष सुटका हा भरपाईचा आधार होऊ शकत नाही, असा त्याचा रोख होता. प्रमाणपत्राची अडचण तर त्याहून साधी आहे. हा कागद दाखवायचा म्हणजे समोरच्याला आधी सांगावे लागते की मला स्फोटाच्या संशयावरून पकडले होते. ज्याला हे कधीच सांगावे लागले नाही, तो माणूस रांगेत तुमच्या मागेच उभा असतो.

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये चुकीच्या खटल्यांमुळे झालेल्या अन्यायावर आपला २७७ वा अहवाल दिला आणि भरपाईचा कायदा सुचवला. तो कायदा आजवर झालेला नाही.

‘सन्मानपूर्वक’ म्हणजे काय?

आता कोर्टांकडे वळू. २००३ साली केंद्रीय विद्यालयाच्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याच्यावरचा खटला सरकारनेच मागे घेतला होता. पण त्याने फॉर्ममध्ये तो लपवला होता. न्यायालयाने त्याची नोकरी वाचवली नाही. नोकरी गेली ती लपवल्यामुळे.

या विषयावर निकालांत बरीच तफावत झाल्यावर जुलै २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग खटल्यात नियम घालून दिले. उमेदवाराने खरी माहिती द्यावी. किरकोळ प्रकरण लपवले असेल, तर मालकाने ते माफ करण्याचा विचार करावा. गंभीर गुन्ह्यात तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटका झाली असेल, तर मालक पूर्वेतिहास विचारात घेऊ शकतो. आणि माहिती खरी दिली, तरी नेमणूक करायलाच हवी, असे बंधन मालकावर नाही.

शेवटचे दोन नियम पुन्हा वाचा. म्हणजे निर्दोष सुटण्यातही दोन प्रती आहेत, एक ‘सन्मानपूर्वक’ आणि दुसरी नुसतीच. गंमत अशी की ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ हा शब्द फौजदारी प्रक्रिया संहितेत नाहीच. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तसे नमूद केले आहे. साक्षीदार फुटला, पंचनामा चुकला, मंजुरीचा कागद नव्हता, ही सगळी तपासाची दुबळी अंगे. पण त्यामुळे सुटका झाली, तर ‘तांत्रिक’ हा शिक्का आरोपीच्या कपाळी बसतो. पोलिसांच्या चुकीची किंमत सुटलेला माणूस मोजतो.

हे वाचताना हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा किस्सा आठवतो. खोट्या आरोपाखाली ते तुरुंगात होते. स्वप्नाचा अर्थ सांगितल्यावर बादशहाने त्यांना बोलावणे पाठवले. दार उघडले होते, तरी ते लगेच बाहेर आले नाहीत. आधी त्या बायकांची चौकशी करा, असा निरोप त्यांनी परत पाठवला. चौकशी झाली, आरोप खोटा असल्याचे खुद्द आरोप करणारीने कबूल केले आणि मगच ते बाहेर आले. त्यानंतर त्यांच्या हाती देशाची कोठारे सोपवली गेली. नुसती सुटका पुरेशी नसते, नाव साफ व्हावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या मोहल्ल्यातल्या पोराला मात्र असा निरोप पाठवायची सोय नाही. आरोपी म्हणून कोर्टात जाऊन तो फक्त ‘सोडा’ म्हणू शकतो.

संगणक विसरत नाही

पूर्वी ठाण्याची वही जीर्ण व्हायची, हवालदार बदलून जायचा, गोष्ट मागे पडायची. आता तसे होत नाही. मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर, २००९ साली देशातली ठाणी एका संगणकजाळ्यात जोडण्याची सीसीटीएनएस योजना मंजूर झाली. कोर्टांच्या नोंदीही इंटरनेटवर आल्या. पडताळणी करणाऱ्या खासगी कंपन्या नाव टाकून शोध घेतात. मराठवाड्यात बापाचे नाव जोडून ‘शेख अमुक शेख तमुक’ असे लिहायची पद्धत आहे. एकाच शहरात त्याच नावाची आणि बापाच्याही त्याच नावाची कित्येक माणसे निघतात. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या नावावर दिसल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत.

२०२२च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे, फोटो वगैरे ७५ वर्षे जपण्याची मुभा दिली. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला आणि अपिलाचे सगळे मार्ग संपले, तर ही मापे नष्ट करावीत, अशी तरतूद त्यात आहे. पण नियमांप्रमाणे त्यासाठी अर्ज करावा लागतो. आणि ही तरतूद मापांपुरतीच आहे, गुन्ह्याच्या नोंदीतले नाव त्याने जात नाही.

जगात याचा वेगळा विचार झाला आहे. निर्दोष सुटलेल्यांचे ठसे आणि डीएनए कायम साठवणे हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे, असे युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनला सुनावले. अमेरिकेच्या समान रोजगार आयोगाने २०१२ मध्ये मालकांना सांगितले की अटक हा गुन्हा केल्याचा पुरावा नव्हे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये गुन्हेगारी इतिहासपत्रकांबद्दल पोलिसांना खबरदार केले. केवळ मागास समाजात जन्मल्यामुळे निरपराध लोकांची नावे त्यात यांत्रिकपणे चढवली जाऊ नयेत, असे म्हणताना न्यायालयाने विमुक्त जमातींचा इतिहास आठवून दिला. १८७१ची वही शेवटी तिथे पोहोचली.

तोवर काय करायचे?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तीन गोष्टी करा. एक, फॉर्ममध्ये खोटे लिहू नका. जुन्या अटकेपेक्षा लपवाछपवीने जास्त नोकऱ्या गेल्या आहेत. दोन, निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा आणि फॉर्ममध्ये ‘अटक झाली होती’ एवढेच न लिहिता खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख आणि ‘निर्दोष’ हा शब्द लिहा. तीन, सुटका झाल्यावर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या की संगणकातल्या नोंदीसमोर निकाल चढवावा, आणि त्या अर्जाची पोच घ्या. आपल्या संघटना जामिनासाठी पैसे गोळा करतात, वकील देतात. सुटकेनंतरच्या या कामालाही माणसे लागतात, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

आणि मागणी एकच करू या. शिक्षा झाली होती का, हे जरूर विचारा. अटकेचा रकाना ठेवायचाच असेल, तर त्याच्या शेजारी निकालाचाही रकाना ठेवा आणि तो पोलिसांनीच भरावा. ही मागणी एकट्या मुसलमानांची नाही. पारध्याची आहे, आंदोलनात पकडलेल्या शेतकऱ्याची आहे, मोर्च्यात पकडलेल्या विद्यार्थ्याची आहे.

२०२३ साली आमच्या शहराचे नाव बदलले. बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. पण त्यानंतर पाट्या, शिक्के, लेटरहेड, संगणकातल्या नोंदी बदलताना आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणजे सरकारने मनावर घेतले तर जुनी नोंद बदलता येते.

त्या मुलाने रकान्यात खरे तेच लिहिले आणि निकालाची प्रत जोडली. कारखान्याकडून पुढे फोन आला नाही. कारणही लेखी मिळाले नाही. सध्या तो शहागंजात एका मोबाइलच्या दुकानात काम करतो. तिथे फॉर्म भरावा लागत नाही.